नऊ व्होल्टचा एमर्जन्सी स्टॉप

पॅनलच्या धंद्यातल्या माणसाच्या खिशात कायम काहीतरी सापडतं. वायरचं टोक, एखादा वॉशर, नंबर छापलेली प्लॅस्टिकची बारीक नळी. मुद्दाम कोणी भरत नाही, दिवसभरात आपोआप गोळा होतं आणि घरी कपडे धुवायला टाकताना खळकन खाली पडतं. किस्स्यांचंही तसंच आहे. शनिवारची बैठक उरकून घरी यावं, जेवायला बसावं आणि भाताच्या पहिल्या घासाला एक बाहेर पडावा!

"तुमच्या गोष्टींतलं निम्मं वजा करूनच ऐकते मी," असं आमची ही म्हणते. करा वजा. उरलेलं निम्मंही कमी नाही.

बैठक म्हणजे आम्ही चौघं. खैरनार, प्रमोद आणि मी नाशिकला अंबडच्या एका कारखान्यातले. मोठमोठ्या मशीनना वीज वाटून देणारी ती लोखंडी कपाटं असतात ना, ती आम्ही बनवतो. मी ड्रॉइंग काढतो, खैरनार वायरिंग करतो आणि प्रमोद ते नापास करतो. शनिवारी आमची सुट्टी. चौथे मधुअण्णा. साठी ओलांडलेले, एकेकाळी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. गणपतीत निफाड-सिन्नरकडच्या गावांत त्यांचा कार्यक्रम असला की बायका पोरांना झोपवून यायच्या, असं ते स्वतः सांगतात. यातलंही निम्मं वजा करा.

*

अण्णांच्या थोरल्या भावाचं, दादांचं, पंचवटीत लाउडस्पीकर भाड्याने द्यायचं दुकान होतं. दादांनी अण्णांसाठी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात एक सर्किट बसवलं होतं. गिटारची वायर एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. आत जाताना सूर घासलेल्या ताटासारखा लख्ख, आणि बाहेर येताना त्याचं काहीतरी झालेलं असायचं. काय झालेलं असायचं, हे अण्णांना आयुष्यात धड सांगता आलेलं नाही.

मग एका वर्षी गोदावरीचं पाणी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गळ्याला लागलं, दुकानात शिरलं आणि जाताना डबा घेऊन गेलं. दादा म्हणाले, "दुसरा बनवतो की!" ते जमायच्या आधी दादाच गेले. मागे ना ड्रॉइंग, ना चिठ्ठी.

"तो आवाज पुन्हा ऐकायचाय," अण्णा मला म्हणाले. "एकदाच. मग माझं काही म्हणणं नाही."

मी म्हटलं, सोपं आहे. ब्रेडबोर्ड आणू. भोकाभोकांची पांढरी पाटी असते. सोल्डर करायची गरज नाही. पार्ट टोचायचे, ऐकायचं, आवडलं नाही तर उपटायचे, दुसरे टोचायचे. बाजूला बॅटरी, दोन जॅक, झालं! तळहाताएवढं काम.

अण्णांना दादांच्या दुकानाची जागा हवी होती. दुकान तेव्हापासून बंद. वर वहिनी राहतात, दादांच्या पत्नी. अण्णांनी किल्ली मागितली. वहिनींनी कशाला म्हणून विचारलं नाही. हुकावरची किल्ली काढून दिली आणि म्हणाल्या, "शटर वर करताना डावीकडून धरा, भावजी. अडकतं."

*

तळहाताएवढं काम आम्हा तिघांच्या हातात पडलं, हीच चूक झाली.

मी नुसतं विचारलं, "उघडी पाटी टेबलावर ठेवायची?" खैरनारला ते पटेना. त्याने भंगारातून एक छोटं कपाट आणलं. कपाट आलं म्हणजे दार आलं, दार आलं म्हणजे कुलूप आलं. पत्र्याचं कपाट म्हणजे अर्थिंग आलंच. मग प्रमोद म्हणाला, "इंडिकेशन कुठे आहे?" म्हणून दिवे आले. लाल, पिवळा, निळा, आणि चालू असल्याचा हिरवा. प्रत्येक वायरला दोन्ही टोकांना नंबर. आणि दाराच्या मधोमध, हाताचा पंजा मारता येईल असं, लाल भडक, कुत्र्याच्या छत्रीच्या आकाराचं एमर्जन्सी स्टॉपचं बटण!

शेवटी सवयीने खैरनारने कवटीची पाटीही लावली. 'धोका. ४१५ व्होल्ट.'

अण्णा पहिल्यांदा बघायला आले. कपाटाभोवती एक प्रदक्षिणा घातली. दार उघडलं. आत त्या भल्यामोठ्या कपाटाच्या पोटात, गाभाऱ्यातल्या बाळकृष्णासारखी, ती इवलीशी पांढरी पाटी.

"याला लागतात किती व्होल्ट?"

"नऊ," मी म्हणालो.

"आणि हे लाल बटण कशाला?"

प्रमोद गंभीरपणे म्हणाला, "अण्णा, कंट्रोलच्या बाहेर गेलं तर?"

*

ते कपाट टेम्पोत घालून पंचवटीत आणलं. गल्ली अरुंद, टेम्पो तोंडाशीच थांबला. तिथून पुढे आम्ही ते खांद्यावरून नेलं. कवटीची पाटी समोर. झालं! गल्लीला वाटलं, वीज कंपनीची माणसं आली.

"इतके दिवस कुठे होतात?" पहिल्याच दारातून आवाज. "संध्याकाळी ट्यूब लागत नाही आमची!"

दुसऱ्या दारातून एक गुरुजी पूजा अर्धी टाकून सोवळ्यातच बाहेर आले. "आमच्याकडे मिक्सर लावला की देवघरातला दिवा बारीक होतो. याचं काहीतरी करा."

मी ओरडून सांगत होतो, "अहो, हे गिटारचं आहे!" गुरुजी शांतपणे म्हणाले, "उडवाउडवीची उत्तरं नकोत."

आणि खैरनार! सटाण्याकडचा माणूस, कोणाला नाही म्हणायची रीतच नाही. तो खरोखर गुरुजींच्या घरात गेला, मीटरजवळची सैल वायर आवळून आला आणि वर प्रसादाचा शिरा खाऊन आला. कपाटाखाली आमचे खांदे मोडायची वेळ आली होती.

"कुठे गेला होतास?"

"न्यूट्रल ढिला व्हता भो," तो बोटं चाटत म्हणाला. "दिवा बारीक व्हयीच ना!"

आजही त्या गल्लीत आमचा मान आहे. वीज गेली की लोक दुकानाच्या शटरवर थापा मारतात.

*

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा गिटार वाजायच्या आधी कपाटच गुणगुणायला लागलं. भुंग्यासारखं, एका सुरात. बॅटरी कमी पडेल म्हणून मी भिंतीतल्या विजेवरून नऊ व्होल्ट काढले होते, त्याची ही घरघर. पॅनलवाल्याचा एक धर्म असतो, सप्लाय खणखणीत पाहिजे. म्हणून मी एक कपॅसिटर लावला. कपॅसिटर म्हणजे विजेची गच्चीवरची टाकी समजा. खालून पाणी थांबत-थांबत आलं तरी नळाला धार एकसारखी. आता नऊ व्होल्टच्या खेळण्याला टाकी लागते नखाएवढी. माझ्याकडे होती ती तांब्याएवढी. लावली! घरघर गेली, एकदम स्मशानशांतता.

पण एक झालं. एमर्जन्सीचं बटण दाबलं तरी हिरवा दिवा विझेना. पंप बंद केला तरी टाकीतलं पाणी येत राहतंच. दिवा हळूहळू मंद होत जायचा, निघतो-निघतो म्हणत दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा.

प्रमोदने लगेच नापास केलं. "एमर्जन्सी म्हणजे एमर्जन्सी! दाबलं की मेलं पाहिजे!"

"इतली घाई कसाले शे तुले?" खैरनार म्हणाला. "जाऊ दे ना त्याला हळूहळू."

शेवटी प्रमोदने नियम घालून दिला. पार्ट बदलायचा असेल तर आधी ॲम्प्लिफायरचा आवाज शून्य, मग लाल बटण, मग हिरवा दिवा पूर्ण विझेपर्यंत हात मागे. नंतरच दार उघडायचं. तो नियम त्याने छापून दाराला चिकटवला आणि आम्ही शिस्तीत पाळला. कारखान्यात इतका पाळला असता तर आमचे साहेब रडले असते.

*

खरी पंचाईत पुढेच होती. आवाज कसा हवा?

एक पार्ट टोचला. अण्णांनी तार छेडली. "नाही." दुसरा टोचला. "नाही. हा प्रमोदच्या स्कूटरसारखा आहे." तिसरा. "हा रागावलाय. तो रागवायचा नाही."

"अण्णा, नीट सांगा ना," मी म्हणालो. "फाटका हवा? जाडा? किनरा?"

अण्णा बराच वेळ गिटारच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. "लग्नात पाठवणीच्या वेळी मुलीचा बाप दोन शब्द बोलायला उभा राहतो बघ. बोलायचं सगळं ठरलेलं असतं. पहिलं वाक्य चांगलं जातं. मग मध्येच गळा जातो. थांबतो, सावरतो, पुन्हा बोलतो. तसा."

प्रमोदची मुलगी नुकतीच लग्न होऊन छत्रपती संभाजीनगरला गेली होती. तो कपाटाकडे तोंड करून उभा राहिला.

आणि तिकडेच बघत म्हणाला, "टॉलरन्स किती? म्हणजे गळा किती टक्के दाटलेला?"

*

एकदा एक पार्ट असा लागला की अण्णांनी तारेला हात लावायच्या आधीच गिटार बोलली! चक्क मराठीत. "द्राक्ष बागायतदारांनी येत्या दोन दिवसांत ढगाळ हवामान लक्षात घेऊन..."

सर्किटने रेडिओवरचा शेतकऱ्यांचा कार्यक्रम पकडला होता. आम्ही हसून लोळतोय, आणि खैरनार कोपऱ्यात फोन लावून उभा! निफाडला त्याच्या साडूची बाग आहे. "हॅलो, दाजी? फवारणी करी घ्या. ढग येई ऱ्हायनात. कोण म्हणतं? अहो, गिटार म्हणते!"

साडूने फवारणी केली. ढग आले. बाग वाचली. हे सगळं खरं आहे, यातलं काही वजा करू नका. त्या हंगामात दुकानात द्राक्षांची पेटी आली, वर निरोप, "अण्णांच्या गिटारला विचारा, तोडणी कधी करू?"

अण्णा द्राक्ष खात म्हणाले, "हिला सगळं माहितीय. फक्त मी विचारतो तेवढं सांगत नाही."

*

वहिनी दुकानात कधी उतरल्या नाहीत. घरातून थेट दुकानात जिना येतो. चहा झाला की जिन्याच्या वळणावर ट्रे ठेवायच्या, कप जरा वाजवायच्या आणि वर निघून जायच्या. दादा गेल्यापासून वळणाच्या खाली त्यांचं पाऊल पडलेलं नाही, असं अण्णा म्हणाले होते. आम्हीही कधी 'या ना' म्हणालो नाही.

एकदा मात्र वळणावर थांबल्या. आम्ही सप्लायबद्दल वाद घालत होतो. वरूनच म्हणाल्या, "तुमच्या दादांना हे कपाट दाखवायला हवं होतं. त्यांचा डबा सहा सेलवर चालायचा, आणि नवा सेल त्या डब्याने जन्मात पाहिला नाही."

"म्हणजे?"

"आमच्या घरात सेलला चार आश्रम होते. नवा सेल आधी टॉर्चमध्ये. टॉर्च पिवळी पडली की रेडिओत. रेडिओ बसला की भिंतीवरच्या घड्याळात. आणि घड्याळ मागे पडायला लागलं की शेवटी भावजींच्या डब्यात. संन्यासाश्रम!"

आम्ही हसलो. खैरनारने तर मांडीवर थाप मारली.

"कार्यक्रमाला जाताना एखादा सेल कमी पडला की घड्याळातला जायचाच," वहिनी म्हणाल्या. "गणपतीचे दिवस आमच्या घरात वाजलेत किती, ते शेजारी विचारावं लागायचं."

मग ट्रेमधला एक कप उगाच सरळ केला.

"आता घड्याळ अगदी बरोबर चालतं," म्हणाल्या आणि वर गेल्या.

*

पावसाळ्याच्या सुमाराला अण्णा एका शनिवारी उशिरा आले. कानाच्या डॉक्टरकडून. हेडफोन लावून काचेच्या खोलीत बसवलं होतं म्हणे. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं.

"मी दणादण दाबलं," अण्णा म्हणाले. "डॉक्टर बाहेरून खुणा करतोय, अहो, मी अजून वाजवलंच नाही! म्हटलं, डॉक्टर, मी ऑर्केस्ट्रातला माणूस. तुम्ही वाजवायच्या आधी मला कळतं!"

आम्ही हसलो. अण्णाही हसले. हसणं संपलं तरी ते खाली बघत होते.

"उजवा गेलाय. डावा त्याच्या मागे निघालाय. आधी बारीक सूर जातात, म्हणाला, मग बाकीचे."

कारखान्यात एखादी मोजपट्टी घासली गेली की प्रमोद तिला लाल चिठ्ठी लावून बाजूला ठेवतो. त्या दिवशी तो कपाटापाशी उगाच एकेका वायरचा नंबर तपासत राहिला.

घरी जाताना गोदावरीच्या पुलावर त्याने स्कूटर थांबवली. मी मागे बसलो होतो.

"समजा, आपल्याला सापडला तो आवाज," प्रमोद म्हणाला. "कदाचित सापडूनही गेला असेल, गेल्या महिन्यातच. अण्णा 'नाही' म्हणाले आणि आपण पार्ट उपटला. मग?"

माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं, नसलं तर मी बनवतो. "चल, पुलावर वारा फार आहे," मी म्हणालो.

*

पुढच्या शनिवारी अण्णा वेळेवर आले. गिटार जुळवली. आता ती जुळवायला ते कान लाकडाला टेकवतात.

"आज शेवटचं," म्हणाले. "मग कपाट घेऊन जा. कारखान्यात कोणाला तरी उपयोगी पडेल."

"अजून दोन पार्ट आहेत बाकी," मी म्हणालो.

"असू देत."

कार्यक्रम सुरू होताना वाजवायची ती धून त्यांनी सुरू केली, जी आम्ही तिथे इतके शनिवार ऐकली होती. छान वाजत होती. लख्ख, खणखणीत, माझ्या सप्लायसारखी. अर्ध्यात आल्यावर अण्णांनी मान हलवली. नाही. आणि ॲम्प्लिफायर तसाच चालू ठेवून, डाव्या हाताची बोटं तारांवरून न उचलता, उजव्या हाताचा पंजा त्या लाल बटणावर मारला.

"अण्णा, आधी आवाज कमी—" प्रमोद ओरडला.

हिरवा दिवा अजून होता. अण्णांचा हात सवयीने पुन्हा तारांवर आला. धून अर्धी सोडायची सवय नसते त्या लोकांना. त्यांनी पुढची ओळ घेतली.

पहिला सूर चांगला गेला. दुसरा मध्येच बसला. थांबला. सावरला. पुन्हा उठला, थोडा फाटून, आणि दिव्याबरोबर खाली-खाली जात कशीबशी ओळ पुरी केली.

दिवा विझला. खैरनारच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच हवेत. प्रमोद कपाटाकडे तोंड करून उभा.

अण्णा आमच्या तिघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने बघत होते. "काय झालं? अरे, काय झालं काय?"

वर स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग जिन्यावर पावलं. वळणापर्यंत आली. कप वाजले नाहीत. पावलं वळणावर थांबलीच नाहीत, तशीच खाली आली.

वहिनी दुकानात उभ्या होत्या. पदराला हात पुसत, जरा घाईत, कार्यक्रमाला उशीर होतोय अशा.

"सेल उतरलेत तुमचे, भावजी," त्या म्हणाल्या आणि मूठ उघडून पुढे केली. "हा घ्या. घड्याळातला काढलाय."